कोलोसियमपासून तिसरे स्थानक

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्या बँकेतून निवृत्त झाल्या असून त्यांचे वय ५९ आहे. त्यांचे यजमान ६४ वर्षांचे आहेत, निफाड तालुक्यातील वडिलोपार्जित द्राक्षबाग ते धाकट्या भावासोबत सांभाळतात आणि त्यांचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. चार वर्षांपूर्वी हे दांपत्य एका सहल कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले. चौदा दिवसांत आठ देश झाले, रोम अर्ध्या दिवसात आटोपले आणि कोलोसियम बाहेरूनच पाहिले. येत्या मे महिन्यात आपले आपण इटलीला जाऊन १३ रात्री राहण्याचा त्यांचा बेत आहे. म्युनिकमध्ये आठ वर्षे राहणारी मुलगी म्हणते, ‘तुम्ही पाहिलात तो पर्यटकांसाठी मांडलेला देखावा होता, या वेळी प्रसिद्ध शहरे पूर्ण वगळा, स्थानिक वस्तीत आणि शेतावर राहा.’ यजमानांनी मात्र रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान अशी यादी केली असून त्यांचा सवाल आहे, ‘लाखो रुपये घालून खेडेच पाहायचे, तर निफाड काय वाईट?’ दोघेही शाकाहारी आहेत, अंडे चालते. गाडी चालवणार नाहीत, इटालियन येत नाही. ‘अनोळखी वस्तीत भीती वाटेल का, जेवणाचे काय, आणि दोघांपैकी कोणाचे ऐकू? शिवाय आम्ही आधी पाहिले ते सगळे खोटेच होते का, हे मनाला लागून राहिले आहे,’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातून आले आहेत. तुम्ही पाहिले ते खोटे नव्हते. कोलोसियम इसवी सन ८० मध्ये खुले झाले, आणि आजही त्याच्या समोरच्या मेट्रो स्थानकात रोमची माणसे कामावर जाण्यासाठी चढतात-उतरतात. पंढरपूरला लाखो लोक जातात म्हणून विठोबा बनावट ठरत नाही, तसेच हे आहे. प्रसिद्ध ते नकली आणि अपरिचित ते अस्सल, अशी वाटणी तुमच्या मुलीने केली आहे. तिच्यामागची माया मला कळते, पण ती वाटणी पटत नाही. आठ वर्षे युरोपात राहिलेल्या माणसाला गाजलेल्या स्थळांचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. तो कंटाळा तुम्ही तिच्याकडून उसना घेण्याचे कारण नाही. तुमच्या यजमानांना कोलोसियमच्या आत जायचे असेल, तर त्यांनी खुशाल जावे, त्यासाठी आधी वेळ ठरवून तिकीट काढावे आणि आत हवा तेवढा वेळ थांबावे.

त्या सहलीत कमी पडले ते दिवस. मला तुमच्या यजमानांच्या यादीची काळजी वाटते ती याच कारणाने, कारण पाच शहरे तेरा रात्रींत बसवली की तुम्ही पुन्हा बॅगा भरण्यात आणि सोडण्यातच अर्धी सहल घालवाल. प्रत्येक मुक्काम बदलला की सकाळी खोली सोडणे, सामान ओढत स्थानक गाठणे, नव्या गावात खोली मिळेपर्यंत ताटकळणे यात किमान अर्धा दिवस जातो, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाचा तर पुढचा अर्धा दिवसही विश्रांतीत जातो. म्हणून माझी सूचना अशी की, मुक्काम दोनच ठेवावेत: रोममध्ये सहा-सात रात्री आणि रेल्वेने पोहोचता येईल अशा एखाद्या ग्रामीण भागात पाच-सहा रात्री. परतीचे विमान रोमहूनच असेल, तर शेवटची रात्र पुन्हा रोममध्ये काढावी. फ्लोरेन्स पाहायचेच असेल, तर मधल्या एखाद्या दिवशी जाऊन येता येते. व्हेनिस आणि मिलान या खेपेला सोडून द्यावेत, असे मी स्पष्टच म्हणेन.

आता ‘स्थानिक वस्तीत राहा’ या सल्ल्याकडे वळू. असे म्हणताना तरुण मंडळींच्या मनात बहुधा संकेतस्थळावरून अख्खे घर भाड्याने घेणे असते, आणि तिथे एक अडचण आहे. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५०च्या सुमारास पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. याची कारणे अनेक आहेत, परंतु घरमालकांना भाडेकरूपेक्षा पाहुणा अधिक फायद्याचा वाटू लागला, हे अलीकडच्या काळातील त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण आहे. बार्सिलोनाने तर पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत, असे २०२४ मध्ये जाहीर केले. स्थानिकांचा शेजार लाभावा म्हणून आपण जे घर घेतो, त्यात काल-परवापर्यंत एखादे स्थानिक कुटुंबच राहत असण्याची शक्यता असते. त्यामुळे माझी पसंती आधी घरमालक स्वतः राहत असलेल्या घरातील खोलीला आणि नंतर छोट्या, कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलला आहे. अख्खे घर तिसरे. कोकणात आपण ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी पाहून उतरतो, तेव्हा यजमानीणबाई स्वयंपाकघरातून डोकावून ‘सोलकढी चालेल ना?’ असे विचारतात. तोच प्रकार इथेही शोधावा. काहीही घेतले तरी जाहिरातीत इटलीचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, म्हणजे ‘सी.आय.एन.’, दिला आहे ना, हे पाहावे. अल्पकाळ भाड्याने दिल्या जाणाऱ्या जागांना तो २०२५च्या आरंभापासून बंधनकारक आहे आणि तो नसेल तर ती जागा टाळावी.

रोममध्ये कुठे राहावे, असे मला विचाराल तर मी गार्बातेल्ला हे नाव घेईन. नकाशावर ते दूर वाटते. प्रत्यक्षात मेट्रोच्या ‘बी’ मार्गावर कोलोसियमपासून ते तिसरे स्थानक आहे: चिर्को मास्सिमो, पिरामिदे, गार्बातेल्ला. ओस्तिएन्सेच्या औद्योगिक भागातील कामगारांना घरे हवीत म्हणून १९२०च्या फेब्रुवारीत या वस्तीचा पाया घातला गेला. त्याच दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या, हे लक्षात घेतले की दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांनी कामगाराच्या घराचा किती वेगळा विचार केला, हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. चाळीत लांबलचक व्हरांडा आणि एकेक खोली आली. गार्बातेल्लात उद्यान-नगराच्या कल्पनेने बुटक्या इमारती, त्यांच्या मध्ये सामाईक अंगणे, झाडे आणि कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या आल्या. घरांच्या अशा गटांना तेथे ‘लोत्तो’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. अनेक अंगणांची फाटके दिवसा उघडी असतात. आत जाऊन पाहायला हरकत नसते, परंतु ते कोणाचे तरी अंगण आहे याची जाणीव ठेवावी लागते: वाळत घातलेल्या कपड्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, बाकावर बसलेल्या आजींना आधी ‘बुओनजोर्नो’ म्हणावे आणि कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर मुकाट्याने बाहेर यावे. आपल्या वाड्यात कोणी अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन शिरला, तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे.

या भागात पाहण्यासारखे काही आहे का, असे यजमान विचारतीलच. स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर ‘चेन्त्राले मोन्तेमार्तिनी’ नावाचे जुने वीजकेंद्र आहे. तेथील प्रचंड डिझेल यंत्रे आणि बाष्पक जागच्या जागी ठेवून त्यांच्या पुढ्यात प्राचीन रोमन संगमरवरी मूर्ती मांडल्या आहेत. काळ्या लोखंडासमोर पांढरी देवता उभी असलेले ते दालन मला व्हॅटिकनच्या गर्दीतल्या संग्रहालयापेक्षा अधिक आठवते, अर्थात हे माझे मत झाले. पिरामिदे स्थानकाजवळच्या तेस्ताच्चो भागात सुमारे ३५ मीटर उंचीची एक टेकडी आहे, जी मातीची नसून प्राचीन काळी रोममध्ये आलेल्या तेलाच्या रांजणांच्या खापरांची आहे. तेलाने माखलेले रांजण पुन्हा वापरता येत नसल्यामुळे ते फोडून पद्धतशीर रचले जात. टेकडीवर चढण्यासाठी आधी परवानगी लागते, पण पायथ्याच्या बाजूने फिरतानाही थर दिसतात. तेथून जवळच मंडई आहे. सकाळी जावे, भाजीवाल्यांची लगबग पाहावी आणि तिथेच काही खाऊन घ्यावे.

सुरक्षिततेबद्दलची तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, मात्र ती चुकीच्या जागी लागली आहे. रोममध्ये पाकीटमारांचा सुळसुळाट तेर्मिनी हे मुख्य रेल्वे स्थानक, व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस, कोलोसियमजवळची मेट्रो अशा पर्यटकांनी खच्चून भरलेल्या ठिकाणी अधिक असतो, कारण तिथे सावज मिळते. राहत्या वस्तीत अंधार पडल्यावर वाटणारी धास्ती बहुतेक वेळा निर्जन रस्त्यामुळे असते. म्हणून खोली ठरवताना मेट्रोपासूनचे अंतर दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि घरापर्यंतच्या रस्त्यावर दुकाने, औषधालय, कॉफीचा बार आहे का, हे नकाशावरील रस्त्याच्या छायाचित्रांत पाहून घ्यावे. मुलीला हे काम सांगा. तिला आनंदच होईल. यजमानांच्या गुडघ्यासाठी मजला आणि लिफ्ट यांची चौकशी अवश्य करा, कारण जुन्या इमारतींत लिफ्ट नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. जुन्या रोमच्या रस्त्यांवरील काळे चौकोनी दगड दिसायला देखणे असले, तरी चाकांच्या बॅगेला आणि गुडघ्याला फार जड जातात. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो.

जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या सहली अनेकदा याच एका भीतीपोटी सहल कंपनीच्या हवाली होतात. इटलीतील गरीब शेतकऱ्यांचे परंपरागत जेवण कडधान्ये, भाज्या, पाव आणि ऑलिव्ह तेल यांवरच उभे होते. तेव्हा खेड्यात तुमची उपासमार होण्याची शक्यता शहराहून कमीच आहे. मात्र ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. भाजीच्या सूपमध्येही मांसाचे पाणी, म्हणजे ‘ब्रोदो’, असू शकते, सॉसमध्ये बारीक मासळी असू शकते आणि काही भाजलेल्या पदार्थांच्या कणकेत डुकराची चरबी असते. म्हणून ‘मांस नको, मासे नको, मांसाचे पाणी नको’ असे तीन नकार इटालियनमध्ये एका कागदावर लिहून जवळ ठेवावेत. पार्मिजानोसारख्या चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट हे विकर वापरतात. हे तुम्हाला चालते की नाही, ते इथूनच ठरवून जावे, म्हणजे तेथे ताटावर बसून वाद होणार नाही. आणि एक महत्त्वाचे: युरोपीय संघाबाहेरून दूध व मांस यांचे पदार्थ प्रवाशाने आणायला मनाई आहे, त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा. ताजी फळेही, काही अपवाद वगळता, प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. मे महिना असला तरी हापूसची पेटी नेण्याचा मोह टाळावा. मेतकूट आणि कोरडी चटणी सुखाने न्या.

आता शेतावरच्या मुक्कामाबद्दल. इटलीत ‘आग्रितुरिस्मो’ या शब्दाला कायद्याचा आधार आहे. १९८५ मध्ये पहिला राष्ट्रीय कायदा झाला आणि २००६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यानुसार हा व्यवसाय शेतकऱ्यालाच करता येतो, शेती हाच त्याचा मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुण्याच्या पानात मुख्यत्वे त्याच्या शेतातले आणि परिसरातले अन्न पडले पाहिजे. खेड्यातली घरे ओस पडू नयेत आणि शेतकऱ्याने जमीन सोडून शहराकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. महाराष्ट्राने २०२० मध्ये आणलेल्या कृषी पर्यटन धोरणातही हीच चिंता दिसते. याउलट ‘कंट्री हाउस’ किंवा ‘सुट्टीचे घर’ या नावाने मिळणाऱ्या जागा सुंदर असतील, पण त्यांच्या मालकाला शेती करावीच लागते असे नाही. तुम्हाला पोहण्याचा तलाव हवा आहे की शेत हवे आहे, हे नावावरूनच पारखून घ्या.

तोस्कानाचे, म्हणजे टस्कनी प्रदेशाचे, नाव सर्वांच्या तोंडी आहे. मी तुम्हाला शेजारचा उंब्रिया सुचवते, आणि तोही त्राझिमेनो सरोवराचा परिसर. समुद्रकिनाराही नाही आणि परदेशाची सीमाही नाही, असा इटलीतील हा एकमेव प्रदेश आहे. सरोवर विस्ताराने मोठे पण उथळ. इसवी सन पूर्व २१७ मध्ये याच काठावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याची दाणादाण उडवली होती. कास्तिल्योने देल लागो या काठावरच्या गावाला रेल्वे स्थानक आहे आणि रोमहून साध्या गाडीने तेथे साधारण दोन तासांत पोहोचता येते. तेथून होडीने इझोला माज्जोरे या लहानशा बेटावर जाता येते. याच परिसरात ‘फाजोलीना’ नावाचे बारीक कडधान्य पिकते, ते म्हणजे आपल्या चवळीचेच भावंड आहे. मध्य इटलीतील ‘चिचेर्किया’ खाऊन पाहाल, तर विदर्भातील लाखोळी आठवेल. सपाट तव्यावर भाजलेली ‘तोर्ता अल तेस्तो’ नावाची जाड पोळी मिळते, तिच्यात पालेभाजी भरून मागावी. पाव मात्र अळणी असतो. तो बिघडला आहे असे समजू नका, तिकडची रीतच तशी आहे. एखादा दिवस पेरुज्याला जावे. शहर डोंगरावर असले, तरी जुन्या किल्ल्याच्या पोटातून वर जाणारे सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघ्याची चिंता नको.

गाडी नसताना शेतावर राहायचे, तर काही गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात. मी एकदा हे न करता उंब्रियातल्याच एका छोट्या स्थानकावर रविवारी दुपारी उतरले होते. तिकीट खिडकी बंद, बस नाही, टॅक्सी नाही, दुकान बंद. ऐन उन्हात चार किलोमीटर बॅग ओढली आणि पोहोचल्यावर कळले की रात्रीच्या जेवणाची सूचना आदल्या दिवशी द्यायची होती. बिस्किटे आणि पाणी यांवर रात्र काढली. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हा शक्यतो रविवारी पोहोचू नका, स्थानकावर घ्यायला कोण येईल हे लेखी ठरवा आणि नाश्ता व रात्रीचे जेवण धरूनच दर विचारा, कारण अंधारात खानावळ शोधत फिरण्याची सोय तिथे नसते. काही ठिकाणी हंगामात शनिवार ते शनिवार असा आठवडाच घ्यावा लागतो. मे महिन्यात पाच रात्री सहसा मिळून जातात. साध्या गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी स्थानकातील यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड होतो. स्वतः गाडी चालवणाऱ्या वाचकांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि गावांच्या जुन्या भागातील ‘झेड.टी.एल.’, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाच्या, पाटीच्या आत गाडी घालू नये. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते.

व्हिसासाठी साऱ्या रात्रींच्या निवासाचा पुरावा लागतो, म्हणून शेतकऱ्याकडूनही तुमची नावे, पत्ता आणि तारखा असलेले पत्र मागवा. तेरा रात्री इटलीतच असल्याने अर्ज इटलीकडेच करायचा आहे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो.

राहता राहिला यजमानांचा सवाल. ‘निफाड काय वाईट?’ हा टोमणा आहे असे तुम्ही धरून चाललात. मला तो पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला, कारण शेतावरच्या मुक्कामाचा खरा मानकरी तुमच्या घरात तेच आहेत. तुम्हाला आणि मला द्राक्षाची ओळ म्हणजे हिरवी शोभा दिसेल. त्यांना दिसेल की इथली वेल बुटकी ठेवून तारेवर वळवली आहे, मांडव नाही. की इथे वर्षातून एकच मोठी छाटणी होते आणि तीही थंडीत, कारण वेल हिवाळाभर झोपलेली असते. नाशिकच्या वेलीला तशी झोपच मिळत नाही, म्हणून आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी असा दोनदा हात फिरवावा लागतो. मे महिन्यात तिकडे नव्या फुटींची विरळणी चालते, त्यामुळे दाखवण्यासारखे कामही असते. झाडावर चढवलेल्या जुन्या वेली त्या भागात अजून कुठे कुठे आढळतात. त्यांना इटालियनमध्ये ‘लग्न लावलेली वेल’ म्हणतात. पानमळ्यात शेवरीवर चढवलेली नागवेल पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. दिवसही त्यांच्या सोयीचे आहेत: खरड छाटणी उरकलेली असेल आणि पावसाळ्याच्या कामांना अजून वेळ असेल. ऑक्टोबरमध्ये जाण्याचा आग्रह मुलीने धरला असता, तर मी यजमानांच्या बाजूने उभी राहिले असते.

तेव्हा शेतकऱ्याला पहिले पत्र लिहाल, त्यात शाकाहार आणि स्थानक यांच्या आधी एक ओळ घाला: ‘माझे पती भारतात द्राक्षे पिकवतात, त्यांना तुमची बाग पाहायची आहे.’ ही ओळ मुलीकडून इटालियनमध्ये करवून घ्या आणि सोबत निफाडच्या बागेचे एखादे छायाचित्र जोडा. उत्तर किती उत्साहाने येते, त्यावरून तीन-चार शेतांपैकी कोणते निवडायचे, हे तुम्हाला सहज ठरवता येईल.